हुंकार आणि होकार

ऐकून घेणे हे पुण्य आहे आणि मान्य करणे ही जबाबदारी. या दोहोंमध्ये एक उंबरठा असतो. शहाणा मनुष्य त्या उंबरठ्यावर क्षणभर थांबतो आणि मग आत पाऊल टाकतो किंवा मागे फिरतो. परंतु काही सत्पुरुषांचा सगळा जन्म त्या उंबरठ्यावर उभे राहून मान डोलावण्यात जातो. ते आत आलेच असे धरून घरातली मंडळी त्यांचे पान वाढून मोकळी होतात, आणि मग त्या पानावरचे सर्व काही त्या सज्जनाला निमूटपणे संपवावे लागते. साताऱ्यातील सुहृद कॉलनीत राहणाऱ्या नाथाजी सरांवर हाच प्रसंग ओढवला, आणि तोही एका साध्या बाकावरून.

सर आयुष्यभर संस्कृत शिकवत आले. हुंकार आणि होकार यांतला भेद त्यांनी किती पिढ्यांना समजावून दिला असेल, त्याची गणती नाही. हुंकार म्हणजे 'मी ऐकतो आहे, पुढे बोला'. होकार म्हणजे 'मला हे मान्य आहे, पुढे करा'. पहिला कानाचा धर्म, दुसरा मनाचा. मुले हे वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत अचूक लिहीत. मात्र ज्याने हा भेद शिकवला त्याच्या स्वतःच्या गळ्यातून होकार असा कधी निघालाच नाही, आणि नकार तर त्याहून नाही. जे काही निघे ते एकच, एक दीर्घ, गोड, नाकातून येणारे 'हं…'

याचे मूळ म्हसवडात होते. सरांचे वडील सिद्धनाथाच्या देवळामागच्या आळीत तिन्हीसांजेला गोष्ट सांगत. बैल गोठ्यात गेलेले, चुलींचा धूर कौलांवर रेंगाळलेला, आणि ओट्यावर घोंगडी टाकून बसलेली माणसे. माणदेशात गोष्ट सांगणाऱ्यासमोर एकाने हुंकार द्यावाच लागतो. तो थांबला की गोष्टही थांबते. ते मानाचे काम लहानग्या नाथाकडे होते. राजा वनात गेला, हुं. राणीने दार लावून घेतले, हुं. पेंग आली तरी हुंकार चुकायचा नाही. पुढे ओटा गेला, ती माणसे गेली. गळ्यातला हुंकार तेवढा राहिला. त्यात अशी काही आर्जवी ओढ होती की सुहृद कॉलनीतल्या ज्या कोणाला काही सांगायचे असे, तो आपोआप सरांपाशी येई.

ही सगळी मैफल कॉलनीच्या कोपऱ्यावर, बुचाच्या जुन्या झाडाखाली भरे. तिथे एक लांबट दगडी शिळा होती. सकाळी शिळेशेजारी हरणाबाई मेथी-शेपूच्या जुड्या घेऊन बसत आणि संध्याकाळी शिळेवर सर, सुभेदार लालासाहेब व इलियासभाई बसत. बहराच्या दिवसांत बुचाची लांब दांड्यांची पांढरी फुले अंगावर पडत आणि कॉलनीतल्या मुली त्यांच्या बिनदोऱ्याच्या वेण्या गुंफीत. एके दिवशी कचऱ्याची घंटागाडी मागे घेताना चालकाचा अंदाज चुकला आणि शिळेचे दोन तुकडे झाले. घंटागाडीवरचे स्वच्छतेचे गाणे मात्र अखंड चालू राहिले.

त्या संध्याकाळी तिघेही वृद्ध उभेच होते. उभ्याने गप्पा होत नाहीत, फक्त चौकशा होतात.

"एक साधासा बाक असावा," सर म्हणाले.

इलियासभाईंचा सिमेंटच्या जाळ्या, कठडे आणि बाक ओतण्याचा छोटा कारखाना होता. ते हसून म्हणाले, "एवढंच ना सर? परवा आणून टाकतो. फकस्त एक करा, कुणापाशी बोलू नका. बाक गुपचूप बसतो तवाच बसतो. बोभाटा झाला की त्याचा प्रकल्प होतो बघा."

"हं…" सर म्हणाले.

आणि घरी परतताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी बाकाची हकीकत सांगितली. इलियासभाईंनी याबद्दल पुढे विचारले तेव्हा सरांनी अत्यंत गांभीर्याने खुलासा केला की तो केवळ हुंकार होता. इलियासभाईंनी कपाळाला हात लावला. या संपूर्ण प्रकरणात सरांच्या हुंकाराला हुंकार म्हणून वागवणारे एकटे सरच होते, आणि तेही एवढ्या एकाच वेळी, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सुभेदार लालासाहेब आले. फौजेतून निवृत्त होऊन काळ लोटला होता; पण चालताना ते अजून आपल्या मागे तुकडी असल्यासारखे चालत.

"सर, बाक म्हंजे पाठ टेकायला पायजे का न्हाई?"

"हं…"

"मग पाठीमागं काय पायजे? झेंड्याचा खांब! आसा उंच, की यवतेश्वरच्या घाटातनं दिसला पायजे. लेहला आमची ड्यूटी होती तवा बर्फात खेचर हरवलं आमचं. कशावरनं सापडलं? खांबावरनं! ऐका…"

खेचराची कथा दीर्घ होती. सरांनी तिला मनापासून हुंकार दिले. शेवटी खेचर सापडले, आणि त्याबरोबर खांबही मंजूर झाला.

मग महिला मंडळाच्या रेश्माताई आल्या. "सर, बाक तुमचा पुरुषांचा. आम्ही बायकांनी काय उन्हात उभं राहायचं? वर पत्र्याची शेड नि खाली फरशी टाकली तर आमचं हळदीकुंकू तिथंच होईल. तुमची हरकत नाही ना?"

"हं…"

नकारार्थी प्रश्नाला दिलेला हुंकार कोणत्या पारड्यात टाकावा, हा शास्त्रार्थाचा विषय आहे. रेश्माताईंनी शास्त्रार्थात वेळ दवडला नाही. संध्याकाळपर्यंत शेडचा रंगही ठरला होता.

त्यानंतर विश्वजीत आला. हा सरांचा माजी विद्यार्थी. संस्कृतात त्याला कधी गती नव्हती, पण आगामी निवडणुकीत पुष्कळ होती. सरांच्या पाया पडून तो म्हणाला, "सर, तरुणांसाठी तिथं ओपन जिम पायजे. तुमच्या बाकाभवती बसवतो. म्हातारी माणसं बसतील, तरणी माणसं उठाबशा काढतील. लय भारी दिसंल. बघा म्हणजे झालं."

"हं… हं…"

हा दुहेरी हुंकार विश्वजीतने पुढे 'सरांनी दोनदा सांगितलं' असा गावभर उद्धृत केला. आठवडा संपायच्या आत कोपऱ्यावर एक भव्य फ्लेक्स लागला. त्यावर सरांचे निवृत्ती समारंभातले, डोळे अर्धवट मिटलेले छायाचित्र होते आणि खाली मजकूर: 'पूज्य नाथाजी सरांच्या आशिर्वादाने साकार होत आहे, भव्य दिव्य सुहृद चौक!' आशीर्वादातला ह्रस्व 'शि' पाहून सर जागच्या जागी थिजले. आयुष्यभर जो शब्द मुलांकडून घोटून घेतला, तो आपल्याच छातीवर मोडलेल्या अवस्थेत लटकलेला पाहणे हे भोग प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला येत नाहीत.

सरांच्या पत्नी राहीबाई पिशवी घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्या फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या, "अहो, फोटोतसुद्धा तुमी हंच म्हणताय की!"

प्रकरण एवढ्यावर थांबते तर सरांनी तो ह्रस्व इकारही पचवला असता. पण बाक, खांब, शेड, फरशी आणि जिम यांचा एकत्रित अर्ज एका सरकारी कचेरीत जाऊन पोहोचला होता, आणि अर्जदार म्हणून मंडळींनी एकमताने सरांचे नाव घातले होते. त्यावर सही मात्र विश्वजीतने 'सरांकरिता' अशी ठोकली होती. सरांना बोलावणे आले. टेबलामागे क्रांती नावाच्या अधिकारी बाई होत्या, तरुण, विनयशील. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि अर्ज वाचून दाखवायला सुरुवात केली. वाणी इतकी स्वच्छ, प्रत्येक जोडाक्षर इतके सुटे, की सरांना आपला जुना वर्ग आठवला. खिडकीबाहेरचे ऊन, फळ्यावरचा खडू, एका सुरात म्हटली जाणारी रूपे. त्या सुराला सर हुंकार देत राहिले.

"एवढ्या सगळ्याला जागा पुरत नाही, सर. त्यामुळे कोपऱ्यावरचं बुचाचं झाड काढावं लागेल."

"हं…"

"मग प्रस्ताव पुढे पाठवू?"

"हं…"

बाईंची यात तिळमात्र चूक नव्हती. त्यांनी विचारले होते, आणि समोर बसलेल्या ज्ञानवृद्ध गृहस्थांनी डोळे मिटून अनुमोदन दिले होते.

झाडावर सूचना चिकटली तेव्हा सर मेथी आणायला गेले होते. हरणाबाई जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. त्यांनी कागदाकडे बोट केले.

"सर, आवं, ह्ये झाड पाडणार म्हनं?"

सरांनी चष्मा लावून वाचले. अर्जदाराचे नाव वाचले. पुन्हा वाचले.

"लोक म्हणत्यात, सरच व्हय म्हणाले. मी म्हणलं, सर म्हणालं आसतील तर बरूबरच आसंल. शिकलेली मानसं ती. मी आपली बसंन मंडईच्या भायेर, कडंला कुटंतरी."

त्या बाईच्या शब्दांत तक्रार नव्हती, विश्वास होता, आणि तोच सरांच्या काळजात रुतला. मेथी तशीच ठेवून ते घरी आले आणि आरामखुर्चीत बसून राहिले. झाड वाचवायचे तर इतक्या जणांना नाही म्हणावे लागणार होते. आणि सगळे एकमुखाने म्हणणार होते, 'सर, तुम्ही शब्द दिला होता.' जन्मभर शब्दांची पूजा केलेल्या मनुष्याने उतारवयात शब्द फिरवला, अशी ती अपकीर्ती. बुचाचे झाड राखावे तर नाव जात होते, आणि नाव राखावे तर झाड.

राहीबाईंनी यावर घरगुती उपाय सुचवला. "दुखणं हं म्हणायचं आहे ना? मग म्हणूच नका. कुणी बोलायला आलं की तोंड मिटून बसा."

सरांनी दुसऱ्या दिवसापासून हुंकारत्याग आरंभला. संध्याकाळी फुटक्या शिळेपाशी सुभेदारांनी लेहच्या थंडीची एक नवी हकीकत काढली. "तर काय झालं सर, पानी गोठलेलं…" सर गप्प. "बाटलीतबी गोठलेलं…" सर गप्प. सुभेदारांनी सरांकडे पाहिले, मग इलियासभाईंकडे पाहिले. "आन मग…" असे म्हणून ते थांबले. पुढची गोष्ट त्यांना सापडेना. तळहातावर तंबाखू मळून, ती न खाताच झटकून, ते निघून गेले.

इलियासभाई हळूच म्हणाले, "सर, मशीन चालूय आन पट्टाच निसटला बघा."

खरा गोंधळ झाला तो फोनवर. सांगली जिल्ह्यात विट्याला सरांची थोरली बहीण बनुबाई राहत असे. ती दर रविवारी फोन करी आणि डाळिंबाच्या बागेपासून सुनेच्या पाठदुखीपर्यंत सर्व वृत्तांत सांगे. या रविवारी तिला पलीकडून काहीच ऐकू येईना.

"हालो? नाथा? आरं हायस का? हालो! रेंज गेली वाटतं." फोन ठेवला, पुन्हा लावला. "नाथा, बोल की रं! बरा हायस न्हवं?"

सर व्रतस्थ होते. दुसऱ्या दिवशी दुपारी विट्याहून आलेल्या एसटीतून बनुबाई उतरली, तीच डोळ्याला पदर लावून. काखेत डाळिंबांची पिशवी आणि ओठांवर सिद्धनाथाचा धावा. भावाचे तोंड वाकडे झाले, वाचा गेली, असे तिने एसटीभर सर्वांना सांगितले होते. दारात धडधाकट भाऊ पाहिल्यावर तिने आधी त्याच्या गालांवरून बोटे फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली, आणि मग पाठीत एक धपका घातला.

"मुडद्या! जीव गेला की माझा!"

राहीबाईंनी चहा ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. बनुबाई डाळिंब सोलत ऐकत होती. मधूनमधून "हुं", "हुं" करत होती. ते ऐकून सर चमकले. तो हुंकार त्यांच्याच घरचा होता.

सर खाली मान घालून म्हणाले, "आक्का, मी त्यांचं ऐकून घेतलं, एवढंच. पण आता नाही म्हणालो तर ते खोटं बोलल्यासारखं होईल."

बनुबाईने दाण्यांची वाटी पुढे सरकवली. "आरं, आबा गोष्ट सांगायचं तवा तू हुं करायचास का न्हाई?"

"हं."

"राक्षीस म्हणायचा, मी समदं गाव खातो. तवाबी हुं करायचास?"

"करायचो."

"मग गाव खायाला तू परवानगी दिल्तीस व्हय रं?"

सरांच्या हातातले डाळिंबाचे दाणे हातातच राहिले. जो भेद त्यांनी वर्गात व्युत्पत्तीसह शिकवला होता, तो आज त्यांना पहिल्यांदा उपयोगी पडत होता.

"पर आपलं हुं म्हंजे व्हय न्हवं, ह्ये राक्षसाला कसं कळंल?" आक्का पुढे म्हणाली. "त्येला तोंडानं सांगावं लागतं, न्हाई म्हणून. उठ आता. आन लांबड लावू नगंस."

झाड तोडणारी माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी करवत आणि दोर घेऊन आली. त्यांच्याआधी सगळी कॉलनी कोपऱ्यावर जमलेली होती. विश्वजीतने नारळ आणला होता. रेश्माताईंनी शेडच्या पत्र्याचे नमुने आणले होते. सुभेदार खांबाची जागा बुटाने आखत होते. सर पुढे आले, त्यांनी घसा साफ केला आणि आरंभ केला, "सज्जनहो, श्रवण आणि संमती यांचा परस्परसंबंध पाहू जाता…"

"नाथा, थोडक्यात!" मागून बनुबाई ओरडली.

सरांनी डोळे मिटले. "नाही," ते म्हणाले.

"काय नाही, सर?" विश्वजीतने विचारले.

"झाड पाडायचे नाही."

मग एकच गलका उसळला. "सर, तुमी हं म्हणालता की!" विश्वजीत म्हणाला. "दोनदा म्हणालता!"

"म्हणालो होतो. तू बोलत होतास, मी ऐकत होतो. तुला मी मान्य केल्याचे वाटले, आणि ते मी तेव्हाच दुरुस्त केले नाही. तेवढे माझे चुकले. पण जिम इथे नाही."

"शेड?" रेश्माताईंनी विचारले.

"नाही."

सुभेदारांचा बूट आखता आखता थांबला. "म्हंजे सर, माझ्या खांबालाबी?"

हा मित्र होता. "नाही, सुभेदार."

कोणतीही विद्या प्रथम जड जाते आणि नंतर तिचे व्यसन लागते. चौथ्या नकारानंतर सरांना आत कुठेतरी मोकळे वाटू लागले. इलियासभाईंनी सगळ्यांना शांत करावे म्हणून, "चला, चहा घेऊ या," असे म्हटले. सर त्यालाही "नाही!" म्हणाले आणि मग ओशाळून, "चहाला हो," अशी दुरुस्ती त्यांनी केली. करवतवाले मात्र सरळ चहाला बसले. त्यांना कोणाचाच राग आलेला नव्हता.

त्याच दुपारी सर कचेरीत गेले. क्रांतीबाईंनी अर्ज मागे घेण्याचा कागद पुढे केला. "नक्की ना, सर?"

हुंकार अगदी ओठांपर्यंत आला होता. सरांनी तो गिळला आणि स्पष्ट स्वरात म्हणाले, "हो." चहाचा सोडला तर त्यांच्या हयातीतला हा बहुधा पहिला निर्भेळ होकार असावा. तो उच्चारताना जीभ जराशी अडखळली, नव्या चपलेतल्या पावलासारखी.

झाड राहिले. हरणाबाईंच्या जुड्या राहिल्या. बनुबाई विट्याला परतली. इलियासभाईंनी एक साधा, पाठ असलेला सिमेंटचा बाक आणून कोणालाही न सांगता बुचाखाली बसवला. पण त्या बाकावर संध्याकाळी सरांशिवाय कोणी येईना. विश्वजीत दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागला. रेश्माताई नमस्कार करीत, पण थांबत नसत. इलियासभाईंना कारखान्यात कामाची गर्दी होती. सुभेदार तर घराच्या गच्चीवरच फेऱ्या मारीत. बुचाचा बहर आला होता. फुले बाकावर पडत आणि तिथेच राहत. पूर्वी याच जागी किती जण बसत, कोणाची मुलगी नांदायला कशी गेली, कोणाच्या शेतात पाणी कसे लागले, कोणाचा मुलगा भरतीत कसा निवडला गेला, हे सगळे सरांना आठवे. आपण खांबाला, शेडला, जिमला नाही म्हणालो होतो, त्या माणसांना नव्हे, हे सांगायलाही आता कोणी समोर नव्हते. नकाराची एवढी किंमत पडते, हे त्यांनी कधी शिकवले नव्हते.

मग एका संध्याकाळी सुभेदार आले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले, समोर रस्त्याकडे बघत.

"पोरगं पुन्याला बोलावतंय," सुभेदार अखेर म्हणाले. "म्हणतंय, हितलं घर इका, आन या. फ्ल्याट घेतलाय त्येनं. लिफ्ट हाय. खाली बाग हाय. नातू हाय."

"हं…" सर म्हणाले. तो आपसूकच आला.

सुभेदार बोलत राहिले. घराचा पाया खोदताना लागलेला खडक, बायको गेली ती रात्र, अंगणातली तुळस, सुनेचा स्वभाव, फ्लॅटच्या खिडकीतून दिसणारी समोरच्या फ्लॅटची खिडकी. सर हुंकार देत राहिले. रस्त्यावरचे दिवे लागले. सुभेदारांचे सांगणे संपले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सरांकडे तोंड वळवले.

"समद्यांना इचारलं, सर. समदी म्हणत्यात, जावा, जावा. कुणालाबी काय पडलंय? म्हणून तुमच्याकडं आलो. तुमी न्हाई म्हणू शकता, त्ये बघितलंय मी. आता खरं सांगा. जाऊ का?"

ज्याला सरांचा नकार एकदा लागला होता, तोच आज विचारायला आला होता. सरांनी हुंकार दिला नाही. त्यांनी सुभेदारांच्या खांद्यावरचे बुचाचे फूल उचलून बाजूला ठेवले.

"नाही," ते म्हणाले. "जाऊ नका."

सुभेदारांनी मान खाली घातली. त्यांची छाती एकदा वर आली आणि हळूहळू खाली बसली, दूरची ड्यूटी रद्द झाल्याचा हुकूम हाती पडल्यासारखी.

"बरं," ते म्हणाले. "न्हाई जात."

दोघेही बसून राहिले. थोड्या वेळाने कारखान्याकडून इलियासभाई येताना दिसले, आणि दोघांनी सरकून मध्ये जागा केली.

त्या कोपऱ्यावर बसणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. ज्याला सांगायचे आहे त्याला ऐकणारा लाभो, आणि ऐकणाऱ्याला वेळ येताच प्रेमाने नाही म्हणण्याचे बळ मिळो.